ऐकू आलं की बटण दाबा

कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना दुपारी एक ते तीन बंद असे. डॉक्टर जेवायला घरी जात आणि ऐकण्याची तपासणी करणारी ताई मागच्या खोलीत व्हायोलिनचा छळ करत बसे. छळ हा शब्द तिच्या बाबांचा. चाळिशी उलटल्यावर तिला हे खूळ लागलं होतं. सात महिने झाले तरी मोकळ्या तारेवर गज फिरवला की फरशीवरून लोखंडी कपाट ओढल्यासारखा आवाज येई. घरी शेजाऱ्यांचे कान किटले, म्हणून ती व्हायोलिनची पेटी दवाखान्यात आणू लागली.

घाई मात्र तिला होती. बाबांनी तीस वर्षं कापडगिरणीत माग चालवले आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत थोडंफार उरलं होतं, तेही आता ओसरत होतं. ओठ वाचून ते गप्पा मारत, टोमणेसुद्धा मारत. पण व्हायोलिनला ओठ नसतात. "एक सूर स्वच्छ काढ, मग मला बोलव," त्यांनी बजावलं होतं, "पण जरा लवकर काढ, बाई." सांगताना ते हसले.

खोलीच्या एका अंगाला जाड दाराची, काचेची छोटी खिडकी असलेली केबिन होती. पेशंट आत स्टुलावर बसे, कानांवर हेडफोन चढवी, हातात बटण धरी. ताई बाहेर मशीनपाशी बसून लहानमोठे आवाज सोडी. "ऐकू आलं की बटण दाबा," हे वाक्य ती दिवसातून वीसेक वेळा तरी म्हणे. आतून बटण दाबलं की मशीनवर हिरवा दिवा लागे.

एका मंगळवारी भरदुपारी तो दिवा आपोआप लागला.

ती गज ओढत होती. खांदा भरून आला म्हणून तिने हात सैल सोडला आणि तारेतून एक गोल, भरलेला सूर निघाला. क्षणभरच. तेवढाच वेळ दिवा लागला, सूर घसरताच विझला. केबिनचं दार बंद होतं, बाहेरचा आवाज हेडफोनमध्ये पोचवणारा माइक बंद होता. काचेतून रिकामं स्टूल दिसत होतं.

वायर कुठेतरी सुटली असणार, असं म्हणून तिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने वायर बदलली, बटण बदललं. "आता दहा वर्षं बघायला नको, ताई," असं सांगून तो गेला आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. गज दाबून ओढला की काही नाही. कोपर खाली सोडलं, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीला गज समांतर ठेवला, हाताचं नुसतं वजन तारेवर टेकवलं, की दिवा.

ती घाबरली. पण खरं सांगायचं तर थोडीच. सात महिन्यांत तिचं वाजवणं इतकं मन लावून ऐकणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं, आणि उगाच वाहवा करणाऱ्यातलं नव्हतं. शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा चूक दाखवत, दिवा दर गजाला दाखवी. जेवणाचा डबा तसाच ठेवून ती वाजवू लागली. आधी डोळ्याचं पातं लवेपर्यंत लागणारा दिवा मग अर्ध्या गजापर्यंत टिकू लागला, मग टोकापासून टोकापर्यंत.

"हात एकदम कसा मोकळा झाला तुमचा?" बाईंनी विचारलं.

"ऐकणारा चांगला मिळालाय," ताई म्हणाली आणि वाटभर स्वतःवर खूश होती.

फक्त वाजवताना ती काचेकडे बघत नसे. आणि तीन वाजताचा पहिला पेशंट केबिनमध्ये बसता बसता म्हणे, "आत्ता कोण उठलं इथून? स्टूल गरम आहे." तेव्हा ती पटकन दार लावून घेई.

मग एका दुपारी तिने बाबांना आणलं. त्यांना केबिनमध्ये बसवलं, हेडफोन चढवले, बटण हातात दिलं. आधी नेहमीची तपासणी केली. आवाज सोडला. दिवा लागला नाही.

आवाज वाढवला. शेवटच्या आकड्यापर्यंत वाढवला.

बाबा बटण धरून शांत बसून होते.

उशीर झाला होता. तिला रडू कोसळलं. तरीही, आलोच आहोत तर, म्हणून तिने माइक सुरू केला, व्हायोलिन खांद्यावर घेतलं आणि गज टेकवला.

दिवा लागला.

गज टोकाला गेला, परत फिरला. दिवा लागलेलाच. आजवर निघाला नव्हता इतका नितळ सूर निघत होता. तिने पहिल्यांदाच काचेकडे पाहिलं. बाबा हसत होते.

तिने धावत जाऊन दार उघडलं. "ऐकू आलं ना, बाबा?"

बाबांनी तिचे ओठ वाचले. "नाही गं. काहीच नाही."

"मग बटण?"

"मी कुठे दाबलं? हा दाबत होता. माझ्या अंगठ्यावर अंगठा ठेवून."

केबिनमध्ये एकच स्टूल होतं.

"कान तयार आहे बघ त्याचा," बाबा म्हणाले. "कुठे चांगलं लागतंय ते बरोबर कळत होतं मला. शेवटी शेवटी तर सोडेचना. किती दिवस एकटा बसलाय इथे! मी म्हटलं, चल घरी. तू रोज वाजव, हा मला सांगत जाईल."

इतके समाधानी ते तिला कित्येक वर्षांत दिसले नव्हते. उजव्या हाताने काठी टेकत ते निघाले. डावा हात अंगापासून थोडा दूर होता, बोटं अर्धवट मिटलेली. दवाखान्याच्या दारापाशी ते थांबले, अंग चोरून बाजूला झाले आणि आधी कुणीतरी बाहेर पडेपर्यंत वाट बघत उभे राहिले.