अजून न बसलेली धडक

"चढावर हलका गिअर टाकला की चेन आपोआप उडते, आणि काहीतरी चाकाच्या तारांना घासतं," मक्याची अरेपा चावता चावता लुसेरो म्हणाली. "बाबा, तुमची सायकल म्हातारी झाली."

"म्हातारी नाही, लाडावलीय. तू घाईत गिअर दामटतेस."

सोताकिरा गावाच्या चढावर नॉर्बेर्तो पिराकोकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ही पोलादी सायकल त्याने तरुणपणी शर्यतींत पळवली होती. आता त्याची एकुलती एक, आईवेगळी पोर तिच्यावरून खाली चीजच्या कारखान्यात कामाला जायची.

त्याने केबल बदलली, चेन तपासली. दोन्हींत दोष नव्हता. मग मागून एक डोळा मिटून पाहिलं. गिअर ज्या लोखंडी कानाला लटकतो, तो कान आत, चाकाकडे वाकला होता.

"कुठे पडलीस?"

"पडले असते तर कपडे नसते का फाटले?"

त्याने कान सरळ केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाकला, आधीपेक्षा जास्त. तेव्हा त्याने फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणली. डावीकडे दोरी आणि मधल्या नळीतलं अंतर बोटभर कमी भरलं. हँडलच्या मागे, नळीच्या खालून हात फिरवला, तर रंगावर बारीक, आडव्या सुरकुत्या लागल्या.

अशा सुरकुत्या त्याने जन्मभर पाहिल्या होत्या. समोरून जोराची धडक बसल्याशिवाय त्या येत नाहीत. पण पुढचं चाक गोल होतं, ते धरणारा चिमटा सरळ होता, लुसेरोच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

सायकल त्याने भिंतीला टांगून ठेवली. कोणी हात लावला नाही. तरी दुपारपर्यंत सुरकुत्यांवरचा रंग तडकून आतलं पोलाद दिसू लागलं.

त्याने करवत घेतली, फ्रेमचे तुकडे केले आणि भंगारवाल्याला देऊन टाकले. लुसेरोला दुकानातली कोरी सायकल दिली. तिने आनंदाने त्याच्या गालाचा पापा घेतला.

आठवडाभरात ती म्हणाली, "बाबा, हिचीही चेन उडायला लागली."

त्याने गिअरकडे पाहिलंच नाही. सरळ नळीखाली हात घातला.

"उद्यापासून बसने जायचं," तो म्हणाला.

"एवढ्याशा उतारासाठी बस? कारखान्यातल्या बायका हसतील."

"हसू देत."

ती बसने जाऊ लागली. तो रोज थांब्यापर्यंत सोबत जायचा आणि बस वळणाआड होईपर्यंत उभा राहायचा.

रविवारी चर्चला निघताना ती आरशासमोर अडली.

"बाबा, ही शाल बघा ना. एका बाजूला घसरतेय."

तो मागे जाऊन उभा राहिला. सवयीने एक डोळा मिटला.

डावा खांदा आत, कण्याकडे वळला होता.

"दुखतंय?"

"नाही. का हो?"

त्याने पुढे येऊन तिच्या गळ्याखालच्या हाडाच्या खालून बोट फिरवलं. कातडी बारीक, आडवी सुरकुतली होती.

"गुदगुल्या होतात," ती म्हणाली आणि हसली.