सोनपेठच्या बाजारातली पर्स

माझ्याकडे तेव्हा एकतीस पर्स होत्या. सगळ्या चामड्याच्या, सगळ्या जुन्या आणि सगळ्या कुणी ना कुणी टाकून दिलेल्या. मी पूर्ण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. कॉलेज सुटल्यावर बाकीचे शिकवण्या घेतात, मी पर्स दुरुस्त करते. परभणीत घोड्यांची खोगिरं शिवणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे दोन उन्हाळे बसून शिकले. एका दोऱ्याला दोन सुया लावून टाका कसा घालायचा, तडकलेल्या चामड्याला तेल किती बेतानं लावायचं, कड लाकडानं घासून गुळगुळीत कशी करायची. चाचा म्हणायचे, "जल्दी नक्को बेटी. चमडे को पीने देव."

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. गंगम्मा त्यांचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गळ्यात इष्टलिंग, सकाळ-संध्याकाळ पूजा, आणि घरात चामड्याचा वास आला की कपाळाला आठी.

"कातडं हाय ते, महेश्वरी. देवाच्या खोलीत वारं यायला नको त्याचं," त्या म्हणाल्या होत्या.

म्हणून माझं सगळं सामान गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत असायचं. एवढं सोडलं तर आमच्यात कधी वाजलं नाही. माझा नवरा बसवेश्वर रेल्वेत गार्ड, चार दिवस घरी तर चार दिवस गाडीवर. घरात आम्ही दोघीच. त्यांच्या गुडघ्यांना मी तेल चोळायची, रविवारी माझे केस त्या विंचरायच्या. त्या कुठे जात नसत. सोनपेठकडच्या आपल्या माहेरीसुद्धा त्या तीस वर्षांत गेल्या नव्हत्या. कारण विचारलं की म्हणत, "कोन हाय तिथं आता?"

ती पर्स मला गेल्या फेब्रुवारीत सोनपेठच्या आठवडी बाजारात मिळाली. बाजाराच्या टोकाला बन्सीधर नावाचा माणूस जुनी कुलपं, रेडिओ, पितळी डबे मांडून बसतो. मी दिसले की हाक मारतो. त्या दिवशी मात्र त्यानं हाक मारली नाही. पर्स त्यानं पोत्याखाली ठेवली होती, मीच कोपरा बघून ओढली.

पेटीसारखा आकार, गडद तपकिरी गाईचं चामडं, वर पितळी खटका, एकच जाड मूठ. साठेक वर्षांपूर्वीची असावी. तळ पार तडकलेला, पण शिवण हातची आणि एकही टाका सुटलेला नव्हता.

"कुठून आणली?" मी विचारलं.

"एका घराचं सामान उचला म्हणून निरोप आला. गेलो तर मानूस न्हाई कुनी. सगळं अंगनात काढून ठिवलेलं." तो इकडेतिकडे बघत होता. "न्या मॅडम. पन मला परत नका आनून देऊ."

पुढचे तीन आठवडे मी ती उघडून बसले. कुजलेलं अस्तर पूर्ण काढलं, आतून चामडं ब्रशनं झाडलं, साबणानं पुसलं, सावलीत वाळवलं. मग कॉफीच्या रंगाचं सुती अस्तर नवीन शिवलं आणि त्यावर एक छोटा खिसाही लावला. हे एवढ्या तपशिलानं सांगते, कारण त्या पर्समध्ये जुनं असं काही उरलं नव्हतं याची मला खात्री आहे.

एकच गोष्ट दुरुस्त होईना. पर्स कुणीतरी हातात धरून नव्हे, तर कोपरात अडकवून वापरलेली होती, त्यामुळे मुठीची आतली बाजू घामानं काळी पडलेली. मी ती रोज संध्याकाळी पुसून कोरडी करायची आणि दुसऱ्या दुपारी बघावं तर ती ओलसर. लावलेलं तेल सुटत असेल, असं मी मनाला सांगितलं. वहीत तशी नोंदही केली. पण बोटाला लागायचं ते तेल नव्हतं. ते खारट होतं.

पहिलं तिकीट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सापडलं. दुपारी कॉलेजातून आले, पत्र्याच्या खोलीचं कुलूप काढलं, खटका उघडला. मी शिवलेल्या खिशात एसटीचं तिकीट होतं. मशीनमधून निघतं तसं, पातळ कागदाचं. सोनपेठ ते गंगाखेड. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मिळतं ते शून्य रुपयांचं. तारीख त्याच दिवसाची, वेळ सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटं.

मी ते नखानं खरवडून पाहिलं. या कागदाला घासलं की काळी रेघ उमटते, तशी उमटली. कागद खरा होता. खोलीची किल्ली माझ्या कॉलेजच्या पर्समध्ये होती, मी दिवसभर वर्गात होते.

बुधवारी दुसरं तिकीट. गंगाखेड ते पालम.

बसवेश्वरांना फोन केला, ते मनमाडला होते. हसले. "अगं, आईनं किल्ली घेतली असंल. कुनी आलं असंल घरी." मीही हो म्हटलं. पण त्या रात्री मला झोप अशी लागलीच नाही, आणि गुरुवारी वर्गात मी एकच समीकरण फळ्यावर दोनदा लिहिलं. पाय आपोआप दाराकडे वळायचे. कुठंतरी निघायचं राहून गेलंय, असं सारखं वाटत होतं.

मधल्या सुट्टीतच घरी आले. किल्ली माझ्याजवळच होती, तरी पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत्याबाई आत बसल्या होत्या. ज्यांचे गुडघे त्यांना अंगणातली पायरी उतरू देत नव्हते, त्या सतरा पायऱ्या चढून आल्या होत्या. पर्स त्यांच्या मांडीवर होती, आणि त्यावर दोन्ही हात ठेवलेले.

"आत्याबाई? तुम्हाला तर कातडं..."

"कुनाची गं ही?"

"माहीत नाही. सोनपेठच्या बाजारातून आणली."

त्या मुठीच्या काळ्या भागावरून अंगठा फिरवत राहिल्या. "लय दिवस झाले," एवढंच म्हणाल्या. मग मला विचारलं, "आज वार कोनता हाय?"

मी त्यांना धरून खाली आणलं. त्यानंतर त्या दिवसभर बसल्याच नाहीत. कपाटातली लुगडी काढून घडी घालायच्या, परत मोडायच्या. दारापर्यंत जायच्या, रस्त्याकडे बघून परत यायच्या. "काय पाहिजे, आत्याबाई?" विचारलं की म्हणत, "काय न्हाई गं. जीव बसंना एका जागी."

माझाही बसत नव्हता. पर्समध्ये तिसरं तिकीट होतं. पालम ते ताडकळस.

आमच्या गल्लीत कुसुमबाई राहतात, एसटीत वाहक आहेत. संध्याकाळी त्यांची ड्युटी सुटली तशी मी तिकीट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ते उजेडात धरलं.

"मॅडम, ह्ये तर माझ्याच मशीनचं हाय. तुमच्याकडं कसं आलं?"

"कुणाला दिलं होतं, आठवतं?"

"आठवतं की. म्हातारी होती एक. लय म्हातारी. पालमला चढली." कुसुमबाईंनी आपला उजवा हात कोपरात वाकवून पोटाशी धरला. "हात असा. आपन पर्स अडकवतो न्हाई का, तसा. पन हातात काईच न्हवतं. खाली बसली, तर मांडीवर काय तरी ठिवल्यासारखं केलं आन वर दोनी हात ठिवले. मला वाटलं, डोस्क्यानं थोडी..." त्यांनी चष्मा काढला. "बोलत मात्र नीट होती."

"काय बोलली?"

"म्या इचारलं, मावशी, एकट्याच कुठं चाललाव? तर म्हनली, एकीला आनायला चालले."

घरी परतताना मी हिशेब लावला. सोनपेठ, गंगाखेड, पालम, ताडकळस. पुढचा स्टँड पूर्णा. जी कुणी येत होती ती आपल्या पर्ससाठी येत होती. एकीला आणायला म्हणजे पर्सला. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचं काय. मला भीतीपेक्षा एक प्रकारची घाई झाली. वस्तू तिची आहे, तिला देऊन टाकावी, स्टँडवरच द्यावी, घरापर्यंत येऊ देऊ नये. हे सगळं मला फार शहाणपणाचं वाटलं.

शुक्रवारी मी रजा टाकली. आत्याबाईंना साडेअकराला भाकरी वाढली. त्या फार जेवल्या नाहीत. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या.

"मी स्टँडवर जाऊन येते. अर्ध्या तासात येते," मी म्हटलं.

"जा," त्या म्हणाल्या. माझ्या हातातल्या पर्सकडे बघत होत्या. "सांभाळून ने."

ऊन कडक होतं. स्टँडवर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं, उसाचा गोड वास, डिझेलचा धूर. मी रसवंतीसमोरच्या खांबाला टेकून उभी राहिले. पर्स कोपरात. बारा वाजून पाच मिनिटांनी ताडकळसकडून गाडी आली.

माणसं उतरली. दोन पोती घेतलेला शेतकरी. कॉलेजच्या तीन मुली. कडेवर मूल घेतलेली एक बाई.

म्हातारी कुणी उतरली नाही.

मी गाडीत डोकावले. रिकामी होती. शेजारी पालमची गाडी लागलेली होती, तिच्याकडे लोक धावत होते. मी थोडा वेळ थांबले आणि घरी निघाले. मला आठवतं ते एवढंच.

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. स्टँडपासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर आहे.

दार लोटलेलं होतं. बैठकीत सतरंजी अंथरलेली. सतरंजीवर दोन कपबशा. वर्षभरात आत्याबाईंनी गॅस पेटवला नव्हता. एक कप रिकामा होता. दुसऱ्यातला चहा तसाच, वर जाड साय धरलेली.

"आत्याबाई?"

देवाच्या खोलीत, न्हाणीत, गच्चीवर कुठेच नाहीत. चपला नाहीत.

मी हातातली पर्स खाली ठेवायला वाकले, तेव्हा कळलं की हातात पर्स नव्हती. माझा उजवा हात कोपरात वाकलेला होता, पोटाशी धरलेला. स्टँडपासून घरापर्यंत मी तशीच चालत आले होते.

त्याला आता आठ महिने झाले. बसवेश्वर त्याच रात्री परतले. पोलिसांत तक्रार दिली, पालम, गंगाखेड, सोनपेठ, प्रत्येक स्टँडवर फोटो लावले. पालमच्या गाडीच्या वाहकानं सांगितलं की हिरव्या लुगड्यातली आजी चढली होती. तिनं दोन तिकिटं मागितली, मशीनमध्ये पालमची दोन शून्याची तिकिटं निघालेली आहेत. दोन का, हे त्याला सांगता येईना. कुठे उतरली, तेही नाही. सोनपेठजवळच्या त्यांच्या गावी मी स्वतः गेले. तिथे त्यांना ओळखणारं कुणी उरलेलं नाही. बन्सीधरनं ज्या घराचं सामान उचललं होतं त्या घराचा रस्ता सांगितला, त्या रस्त्यानं गेले तर पुढे गोदावरीचं पात्र लागलं.

सुट्टीच्या दिवशी मी अजूनही एसटीत बसते. कोणत्या तरी स्टँडवर उतरते, बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका बघते, परत येते. बाकीच्या पर्स पत्र्याच्या खोलीत आहेत. कुलूप उघडायला गेले नाही.

बसवेश्वर माझ्याशी वाईट वागत नाहीत. वेळेवर जेवतात, कॉलेजात सोडायला येतात. फक्त बोलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. त्याचं कारण मला माहीत आहे. रसवंतीवाल्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पोलिसांनी आम्हाला तिसऱ्या दिवशी दाखवलं, तेव्हा आम्ही दोघं शेजारी बसलो होतो.

चित्रात बारा वाजून पन्नास मिनिटं झालेली आहेत. मी खांबाला टेकून उभी आहे. आत्याबाई चालत येतात. ताठ, गुडघे न दुखणाऱ्या माणसासारख्या. मी दचकत नाही. पुढे होते, त्यांचा पदर नीट करते.

"मॅडम, तुमीच बसवायलाव की त्यांना गाडीत," जमादार म्हणाले.

मी पर्स कोपरातून काढते, दोन्ही हातांनी पुढे धरते. तिथं पर्स कुणाच्या हातात गेली ते दिसत नाही, मधून एक माणूस पोतं घेऊन जातो. तो सरकल्यावर माझे हात मोकळे आहेत.

जमादारांनी चित्र थांबवलं नाही. पुढचं मीही पाहिलं, बसवेश्वरांनीही पाहिलं.

मी वाकून आत्याबाईंच्या पाया पडते. उठते. मग अर्धं पाऊल डावीकडे सरकते आणि तिथे पुन्हा वाकते. तिथे फरशी आहे, फरशीवर ऊन आहे. माझी बोटं फरशीला लागत नाहीत. फरशीच्या थोडी वरच ती थांबतात आणि थांबून राहतात, पावलांवर टेकावीत तशी.