वेटिंगमधली बाई

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगेन, की जिच्याबाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

उलट, दुसऱ्यांच्या थापा पकडणं हाच तिचा धंदा. ती टेस्टर आहे. प्रोग्रामर सांगतो, "झालं, चालतंय." मग ही बसते, दहा ठिकाणी बोट घालून बघते आणि म्हणते, "नाही चालत." घरात तिला सगळे ठकी म्हणतात.

भुताखेतांचं काही निघालं की ठकी हसायची.

आता हसत नाही...

गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवार होता. आणि रात्रबित्र काही नव्हती. टळटळीत दुपार होती. ऑफिसात ऊन थेट टेबलापर्यंत आलेलं. भुताला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नीट वाचावं.

ठकीची कंपनी एका दवाखान्यासाठी वेबसाइट बनवत होती. पेशंटनं घरीच कॉम्प्युटरसमोर बसायचं. लिंक उघडली की आधी 'वेटिंग रूम'चं पान येतं. तिकडे डॉक्टरांना दिसतं, कोण वाट बघतंय. डॉक्टरांनी 'आत घ्या' हे बटण दाबलं की दोघं एकमेकांना दिसतात, बोलतात.

ठकीचा प्रोग्राम हे सगळं खोटं खोटं करून बघायचा. तो ब्राउझरच्या दोन विंडो उघडायचा. एकीत डॉक्टर म्हणून लॉगिन, दुसरीत पेशंट म्हणून. दोघांची सेशन वेगवेगळी, म्हणजे याची ओळख त्याला चिकटायला नको. मग तो या विंडोतून त्या विंडोत जायचा, मधेच टॅब उघडायचा, बंद करायचा. शेवटी मोजायचा, उघड्या विंडो किती? दोन असल्या की हिरवी खूण. टेस्ट पास.

त्या दुपारी लाल खूण आली.

दोन हव्यात. सापडल्या तीन.

ठकीनं स्क्रीनवर पाहिलं. दोनच होत्या.

आधीच्या टेस्टचं काही उरलं असेल, म्हणून तिनं सगळे ब्राउझर बंद केले. जुनी सेशन पुसून टाकली. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा टेस्ट लावली.

तीन.

ऑफिसात तिच्याशिवाय एकच माणूस होता. पलीकडच्या खोलीतला प्रोग्रामर. छातीपर्यंत दाढी, म्हणून सगळे त्याला बुवा म्हणायचे. ठकीनं तिथूनच हाक मारली, "बुवा, एक विंडो जास्तीची येतेय रे!"

"पॉप-अप असेल. मार की!"

"मारली. परत येतेय."

"मग नारळ फोड," बुवा म्हणाला आणि त्यानं हेडफोन कानाला लावला.

ठकीनं प्रोग्रामला त्या तिसऱ्या विंडोचं नाव विचारलं. उत्तर आलं, 'वेटिंग रूम'.

आत काय आहे ते बघावं, म्हणून तिनं त्या विंडोचा फोटो काढायला लावला.

आता एक गोष्ट समजून घ्या. टेस्टमध्ये कॅमेरा खोटा असतो. पेशंटच्या जागी नुसता हिरवा पडदा दिसतो आणि मधूनमधून टीं... टीं... वाजतं. खरं माणूस तिथे दिसूच शकत नाही.

फोटोत हिरवा पडदा नव्हता.

एक खोली होती. मागे अर्धवट ओढलेला पडदा. वेताची खुर्ची. खुर्चीत एक म्हातारी बाई. राखाडी स्वेटर, मान खाली, एक हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेला.

ठकीला पहिल्यांदा भीती नाही वाटली. तिला वाटली लाज. कुणीतरी खरी पेशंट चुकून आपल्या टेस्टमध्ये शिरलीय आणि आपण मघापासून तिला बाहेर काढतोय!

ती बुवाला हाताला धरून घेऊन आली.

"बघ. ही कोण?"

बुवानं चष्मा वर करून पाहिलं. "कोण म्हणजे? खुर्ची आहे."

"अरे, खुर्चीत!"

"रिकामी आहे की." त्यानं ठकीकडे पाहिलं. "जेवलीस का तू? कुणाचा तरी जुना फोटो अडकला असेल. बंद कर आणि घरी जा. सोमवारी बघू."

तो गेला.

ठकीनं पुन्हा फोटोकडे पाहिलं. बाई होती.

फक्त मान आता खाली नव्हती...

टेबलावर ठकीचा हेडफोन पडला होता. त्यातून आवाज येत होता. आधी वाटलं, टीं टीं असेल. नव्हतं. श्वास होता. दम्याच्या माणसाचा असतो तसा, शिट्टी वाजल्यासारखा. आत जाताना अडकणारा... बाहेर येताना त्याहून जास्त अडकणारा.

मग थांबला.

ठकी ऐकत राहिली. पुढचा श्वास येईना.

येईना...

आणि मग अगदी हळू, अदबीनं, कुणाला त्रास नको अशा बेतानं आवाज आला.

"डॉक्टर... मी आत येऊ का?"

त्याच क्षणी डॉक्टरच्या विंडोत पट्टी आली. 'एक पेशंट वाट पाहत आहे.' खाली बटण, 'आत घ्या'.

नंतर मी ठकीला विचारलं होतं, तू बटण दाबलंसच का? ती माझ्यावर उखडली. "एका म्हातारीला धाप लागलीय, ती आत येऊ का विचारतेय. तू काय केलं असतंस?"



तिनं बटण दाबलं.

डॉक्टरच्या विंडोत वेताची खुर्ची मोठी होऊन आली. रिकामी. पडदा किंचित हलत होता. ठकी म्हणाली, "आजी? ऐकू येतंय का? तुम्ही कुठे आहात?"

उत्तर नाही. खुर्ची गेली. तिथे हिरवा पडदा आला. टीं... टीं...

टेस्ट आपोआप पुढे सरकली. विंडो मोजल्या.

दोन. हिरवी खूण.

ठकीनं सुटकेचा श्वास सोडला.

आणि तिच्या लक्षात आलं, की खोलीत दुसराही श्वास चालू आहे.

तिनं हेडफोनची वायर उपटली. श्वास थांबला नाही. शिट्टीसारखा... अडकत अडकत... तो आता कुठल्याही विंडोतून येत नव्हता. तिच्या उजव्या हाताला, शेजारच्या टेबलापाशी होता.

तिथे ऑफिसची चाकांची खुर्ची होती. कुणी बसलं की त्या खुर्च्यांची गादी खाली दबते आणि 'फुस्स' असा आवाज होतो. तुम्हीही ऐकला असेल.

"बसू ना इथे?"

फुस्स...

गादी हळूच खाली दबली.

ठकी ओरडलीसुद्धा नाही. ती उठली आणि भिंतीला धरून धरून बुवाच्या खोलीच्या दारात आली. बुवानं मान वर केली. हेडफोन काढला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, पेशंटना कुठे आत आणतेस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आजींना बाहेर सोफ्यावर तरी बसव."

ठकी हलली नाही. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

बुवानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. तिच्या मागे बघितलं. ठकी मघाशी फोटोत कुणाला बघत होती, ते त्याच्याही लक्षात आलं असावं. तो पांढराफटक पडला. दोघं जिन्यानं खाली पळाले, ते थेट रस्त्यावर. आज बुवाला विचारलं तर तो म्हणतो, "ऊन डोळ्यांवर होतं. मी तसं काही बोललोच नाही."

सोमवारी ठकी ऑफिसात आली. ठकीच्या मोठ्या बाई, म्हणजे तिच्या साहेब, फोन खाली ठेवून सुन्न बसल्या होत्या.

दवाखान्याचा फोन होता. टेस्टची लिंक त्यांच्या रिसेप्शनवर नुसती बघायला म्हणून दिली होती. तिथल्या मुलीला वाटलं, साइट सुरू झाली. तिनं ती लिंक एका पेशंटला पाठवली. दम्याची पेशंट, वयस्कर, दिवसभर घरी एकटी. ती बाई सांगितल्या वेळेला लॅपटॉपसमोर येऊन बसली. समोर लिहिलेलं, 'डॉक्टर लवकरच येतील.' ती बसून राहिली. धाप वाढत गेली. उठून शेजाऱ्यांना हाक मारावी, तर नंबर जाईल.

डॉक्टर येणार कुठून? त्या वेटिंग रूमला डॉक्टरच नव्हता.

संध्याकाळी त्या बाईची मुलगी कामावरून आली, तेव्हा सगळं संपलं होतं.

"कधीची गोष्ट?" ठकीनं विचारलं.

"गुरुवारची," मोठ्या बाई म्हणाल्या.



माफी मागायला जायचं होतं. मोठ्या बाई निघाल्या. ठकी म्हणाली, "मी येते." त्या नको म्हणाल्या, पण हिनं ऐकलं नाही.

दार मुलीनंच उघडलं. चाळिशीची असेल. रडून रडून डोळे कोरडे झालेले. आत गेल्यावर ठकीला काही विचारावं लागलं नाही. अर्धवट ओढलेला पडदा, वेताची खुर्ची. लॅपटॉप मात्र कपाटावर होता, मिटलेला.

"तो मी त्याच संध्याकाळी बंद केला," मुलगी म्हणाली. "वायरसुद्धा काढून टाकली. बघवत नव्हतं."

मोठ्या बाईंनी हात जोडले. चूक आमची आहे, म्हणाल्या. मुलीनं नुसती मान हलवली. तिच्यात भांडायचंही त्राण नव्हतं. मग मोठ्या बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या, तशी ती ठकीच्या जवळ सरकली.

"एक सांगू? वेडी म्हणू नका. आई गेली, पण तिची धाप गेली नव्हती. गुरुवारी रात्रभर या खोलीत ऐकू येत होती. शुक्रवारीही. मी कानात बोटं घालून बसायचे."

ठकीनं वेताच्या खुर्चीकडे पाहिलं.

"शनिवारी दुपारी मी इथेच होते. एकदम थांबली. घर कसं शांत झालं... हलकं झालं." मुलीनं ठकीचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "आई सुटली. हो ना?"

ठकी म्हणाली, "हो."

दुसरं काय म्हणणार?

साइट पुढे सुरू झाली. आता ती नीट चालते, म्हणे. ठकीनं ती नोकरी सोडली. दुसरीकडे लागली, तिथेही हेच काम करते. खाणंपिणं ठीक आहे, चार माणसांत बोलते. बघून कुणाला काही कळायचं नाही. मावशीला वाटतं, पोरगी कामानं खंगलीय.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. आम्ही दोघंच होतो. राहवेना म्हणून विचारलं, "ठके, खरं सांग... अजून आहे का?"

कुणीतरी बोलत असताना आपण मधे बोलू नये म्हणून थांबतो, तशी ती जरा थांबली.

"तसा त्रास काही नाही रे," ती म्हणाली. "बाई स्वभावानं चांगल्या आहेत."

"मग?"

"त्यांना अजून वाटतं, मीच डॉक्टर आहे."

चहा तसाच ठेवून निघालो. त्यानंतर तिच्याकडे जायचं मी टाळतो. मावशी म्हणते, बहिणीला विसरलास.

विसरलो नाही. तिचा फोन आला की मी घेतो, बोलतो. फक्त ती बोलायची थांबली, की मी फोन कानापासून जरा लांब धरतो...