दुहेरी टीप

"अहो, ही बाही वाचेल का?"

मी शिलाई मशीनवरून मान वर केली. दारात एक उंच तरुण, शर्टाची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उभी फाटलेली.

"नखं कुणाची ही? बायकोची?"

"लग्न नाही झालं अजून. ही हिरवी आहे... चार फूट लांब. रागीट."

"मग बायकोच!"

तो खळखळून हसला — आणि तिथंच माझा घोटाळा झाला. ती हिरवी म्हणजे इग्वाना, एक दांडगा परदेशी सरडा. तो प्राण्यांच्या सुटका केंद्रात कामाला होता. हौसेखातर पाळायला चोरून आणलेले सरडे, कासवं, अजगराची पिल्लं तो सोडवून आणायचा. पुढं त्याच्या बाह्या वरचेवर फाटू लागल्या. एकदा तर कात्रीनं कापावी तशी सरळ फाटली होती! मी ओळखलं, आणि हसू दाबत शिवून दिली. असं गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

मग एका संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर एक सुती पिशवी ठेवली.

"आमच्या प्राण्यांसाठी अशा पिशव्या शिवाल? ही पकडलेल्या पार्सलातली. आत पिल्लं होती, निम्मी मेलेली. पण शिवणाऱ्याचा हात बघा... कडा आत दुमडून दुहेरी टीप. कुठं नख अडकायला जागा नाही."

नाडीच्या टोकाला लाल फुली होती. मी शिवलेल्या प्रत्येक पिशवीवर घालते ती.

भावोजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्यानं, असल्या पिशव्या माझ्याकडून शिवून घेतल्या होत्या. "काचसामानासाठी आहेत, आतून दोरा नको," म्हणाले होते. मी मन लावून शिवल्या, वर शाबासकीही घेतली.

"काय झालं? आवडली नाही?"

"आवडली," मी म्हणाले. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

पुढं तो यायचा, फुली टाळून शिवलेल्या माझ्या नव्या पिशव्यांवरून हात फिरवायचा, म्हणायचा, "तुमचाही हात तसाच हं!" कौतुकाचा एकेक शब्द मला थोबाडीत बसल्यासारखा लागायचा. पण बोलले तर ताईचा संसार मोडणार होता... आणि हाही पुन्हा येणार नव्हता.

मग भावोजी कापडाचा तागा घेऊन आले. "आणखी शिव. घाई आहे."

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा मी तो तागा त्याच्यासमोर ठेवला. "ती पिशवी मी शिवली होती. काय भरणार ते ठाऊक नव्हतं. कळल्यावरही मी गप्प बसले. भावोजींच्या गोदामाचा पत्ता... लिहून घ्या."

त्यानं पत्ता घेतला. माझ्याकडे न बघता निघून गेला.

भावोजींना पकडलं. ताई मुलांना घेऊन आमच्याकडे आली. माझ्या हातचं पाणीही घेत नव्हती. मला कुणाकडे मान वर करून बघवेना. आणि ती दुहेरी टीप तर हातून पडेचना.

एका दुपारी मशीनवर सावली पडली. पुन्हा फाटकी बाही.

"गोदामातून सोडवलेल्या एका हिरवीनं फाडली," तो म्हणाला. "तिला वाटलं, मीही विकायलाच नेतोय. तिथले सगळे प्राणी जिवंत आहेत."

"माझ्यासारखीकडे यायला... लाज नाही वाटली?" मी खाली बघतच विचारलं.

"राग आला होता. आधी तुमचा, मग माझा. पिशवीचं एवढं कौतुक केलं, तुमचा चेहरा मात्र एकदाही नीट पाहिला नाही. दुसऱ्या शिंप्याकडे गेलो होतो. दारातूनच परत फिरलो... मला तुम्हीच हव्या आहात. नुसत्या बाहीसाठी नाही."

माझे डोळे भरून आले. सुईत दोरा जाईना. त्यानंच ओवून दिला आणि अंगावरच्या शर्टाची फाटकी बाही माझ्यापुढं धरली.

"साधी टीप घालू?" मी विचारलं.

"नाही. आत दुमडून, दुहेरी. तुमची."

मी सुई टोचली. आणि कितीतरी दिवसांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.