साध्या ताटलीची चुगली

सुई टोचायच्या आधीच तो खुर्चीतून घसरला आणि पडता पडता तिच्या हातातला वाळलेल्या पानांचा ट्रेही घेऊन गेला. ही त्यांची पहिली भेट!

"पूल बांधतो मी," शुद्धीवर आल्यावर तो ओशाळून म्हणाला. "उंचीची भीती नाही वाटत. सुईची मात्र..."

"पुढच्या वेळी रक्त झोपूनच द्या," केसांतली पानं झटकत ती म्हणाली.

पुढची वेळ येणार, हे तिनं कशाच्या जोरावर ठरवलं, देव जाणे! पण तो आला. दर पंधरवड्याला येत राहिला. तिसऱ्या खेपेला अहोचं अरे झालं.

ती प्रयोगशाळेत एका कडू झुडपाच्या पानांचा अर्क काढी आणि त्यानं मलेरियाचे जंतू मरतात का, ते बघे. जंतू वाढवायला माणसाचं ताजं रक्त लागे. याच्या रक्तात ते असे काही फोफावत, की प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई त्याला 'अन्नदाते' म्हणत.

"काही औषध चालू?" नळी जोडण्याआधी ती नेमानं विचारी.

"एकच. पंधरा दिवसांनी भेटतं... पुरत नाही."

"गप्प बस. मूठ आवळ."

मग एका सकाळी तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बघतच राहिली. अर्क घातलेल्या ताटलीत एकही जंतू जिवंत नव्हता! इतक्या वर्षांची मेहनत फळाला आली होती. आनंदानं ओरडणार, एवढ्यात सवयीनं तिनं साधी ताटलीही तपासली. हिच्यात अर्काचा थेंबही नसे, म्हणून इथे जंतूंची चंगळ असायला हवी होती. पण इथेही सगळे मेलेले...

आनंदावर विरजण पडलं.

"अर्काची करामत नाही गं ही," बाई म्हणाल्या. "रक्तातच काहीतरी आहे. अन्नदात्यांना विचार."

ती तडक त्याच्या ऑफिसात गेली. टेबल आवरलेलं, नकाशे खोक्यात भरलेले. पाण्याच्या बाटलीशेजारी गोळ्यांची पट्टी. मलेरिया होऊ नये म्हणून आठवड्याला एक घ्यायची ती गोळी तिनं लांबूनच ओळखली. दलदलीच्या मुलखात जाणारे लोक ती निघायच्या आधीपासूनच सुरू करतात, हेही तिला ठाऊक होतं.

"कुठे निघालास?"

तो गडबडला. "लांब... एका नदीवर. पूल आहे. दोन वर्षं."

"आणि हे मला ताटलीनं सांगायचं?"

"सांगणार होतो गं! दर वेळी तोंड उघडलं की तू म्हणायचीस, मूठ आवळ."

तिला हसू येत होतं आणि रागही आवरत नव्हता. "औषधाचं विचारलं की थट्टेवारी न्यायचास! माझं सगळं काम पाण्यात गेलं, कळतंय का?"

"चुकलंच माझं." त्यानं मान खाली घातली. "खरं बोललो असतो तर तू मला बाद केलं असतंस. मग तुझ्याकडे यायचं कुठल्या तोंडानं?"

"याच तोंडानं!" तिचे डोळे भरून आले. "नळीबिळी काही नसताना यायचं. गाढवा... आवडतोस तू मला."

तो टेबलाला टेकला. सुई दिसल्यावर होई, तसा पांढराफटक पडून.

"खाली बस आधी," ती घाबरून म्हणाली. "हे बघ, तुझं रक्त आता बाद."

"आणि माणूस?"

"माणसाला अट आहे. गोळी चुकवायची नाही. घेतली की मला फोन."

"गोळी विसरलो तर?"

"ताप येईल."

"फोन विसरलो तर?"

"मी येईन."

"मग फोनच विसरतो," तो म्हणाला, आणि आता कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या रक्तात तिनं तोच प्रयोग पहिल्यापासून मांडला. हातमोजे काढते न काढते तोच फोन वाजला.

"गोळी घेतली."

"आज? तू तर रविवारची म्हणाला होतास!"

"रविवारीच घेणार. आज नुसता सराव..."

तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. खाली दिव्याच्या खांबाला टेकून तो उभा होता, फोन कानाला लावून, मान वर करून.

फोन चालू ठेवूनच ती जिना उतरू लागली.