पुढे वाजणारी घंटी

रात्रीचे साडेनऊ. सन १९५७, कार्तिक अमावस्येची आदली रात्र. पुणे–नाशिक रस्ता, चाकणच्या वेशीबाहेर छबूबाईचं चहाचं खोपटं.

पोरांनो, आज तिथं कंपन्यांचे दिवे रात्रभर जळतात. तेव्हा चाकण ते मोशी नुसत्या बाभळी आणि काळोख. गोष्ट आपल्या उद्धवरावांची. तेव्हा त्यांना कुणी राव म्हणत नव्हतं. तेविशीचा पोरगा, पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेला. उद्धव आणि त्याचे दोन दोस्त चार दिवसांच्या सायकल-सहलीवरून परतत होते. खेड, नारायणगाव, जुन्नर, शिवनेरी, आणि आता घर.

फारूकचं चिंचवडला सायकलदुरुस्तीचं दुकान. तिन्ही सायकली त्यानंच जोडलेल्या. तिसरा अर्जुन, उद्धवच्याच खात्यात, पण हंगामी. सकाळी सातला त्याची डॉक्टरी तपासणी होती. पास झाला तर नोकरी कायम, नाहीतर गावी जाऊन बसायचं. म्हणून मुक्काम करता येत नव्हता.

आणि अर्जुन रातांधळा होता. हे या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यावर त्यांनी रीत पाडली होती. पुढे फारूक, कारण बत्ती एकट्या त्याच्या सायकलला. तीही डायनामोची, चाक थांबलं की गुल. मधे अर्जुन. शेवटी उद्धव. फारूक सारखी घंटी वाजवायचा आणि त्या आवाजामागे अर्जुन बिनघोर पायडल मारायचा.

"रातच्याला जाऊ नगा, लेकरांनो," छबूबाई म्हणाली. "कुरुळीच्या उतारावर पान्याच्या मोरीसाठी रस्ता खणलाय. मागल्या म्हैन्यात सोनबा दूधवाला सायकलीसकट आत पडला. दोन दिस कुनाला पत्ता न्हाई."

"तिथं कंदील नाही लावत?" उद्धवनं विचारलं.

"लावत्यात की. कागदावर."

रस्त्याच्या कंत्राटदारानं कंदिलाचं तेल वाचवलं आणि पंचनाम्यात सोनबाला दारुडा ठरवलं. ज्या माणसानं हयातभर दुधाच्या किटल्या वाहिल्या, तो मेल्यावर त्याच्या तोंडाला दारूचा वास लागला! रस्ते खात्याचे साहेब मोकळे, कंत्राटदार मोकळा. खड्डा तसाच.

"अर्जुन, तुला काय फरक पडतो?" फारूक हसला. "तुला दिवसासुद्धा मोरी दिसत नाही."

"गप रे पंक्चरवाल्या. तू घंटी वाजव म्हणजे झालं."

"वाजवतो, राजे. खड्डा आला की लागोपाठ तीनदा मारीन. तेव्हा उतरायचं. कबूल?"

"कबूल."

निघाले. थंडी चांगलीच होती. पुढे बत्तीचा पिवळा ठिपका, त्यामागून घंटी. ट्रिंग... ट्रिंग... उद्धवला अर्जुनची पाठसुद्धा नीट दिसत नव्हती, फक्त त्याच्या चेनचं कुरकुरणं ऐकू येई.

एका वळणावर ठिपका दिसेनासा झाला. झाडाआड गेला असेल, असं उद्धवला वाटलं. घंटी तर वाजतच होती.

उतार लागला. सायकली आपोआप धावू लागल्या. बत्ती अजून दिसेना.

"फारूक, बत्तीला काय झालं रे?" त्यानं हाक मारली.

ट्रिंग... ट्रिंग...

आवाज जरा वेगळा होता. फारूकची घंटी किणकिणायची. ही जड होती. पितळेची असावी तशी.

"फारूक?"

ट्रिंग...

तेवढ्यात रस्ता उजळला. उद्धवची स्वतःची सावली त्याच्या पुढ्यात पडली. लांबलचक, हलणारी.

उजेड मागून येत होता.

"उद्धव! अरे, थांबा की!" फारूकचा आवाज. मागून. खूप मागून. "चेन उतरली होती माझी! अंधारात पुढं निघून गेलात दोघं!"

फारूक मागे होता.

मग पुढे...?

ट्रिंग... ट्रिंग...

आणि अर्जुन त्या आवाजामागे चालला होता. बिनघोर.

"अर्जुन! उतर!"

"का रे? तीनदा कुठं वाजली?"

"उतर! तो फारूक नाही!"

"काय?"

घंटी भराभर वाजू लागली. अर्जुनही वेग वाढवत होता. त्याला सवयच ती. आवाज लांब जाऊ द्यायचा नाही... उद्धव उभा राहून पायडल मारू लागला. हात पुरेना. शेवटी त्यानं आपली सायकल सरळ अर्जुनच्या सायकलवर घातली.

दोघं आडवे. खडी. रक्त.

घंटी थांबली.

फारूक येऊन पोचला, ब्रेक दाबला आणि बत्ती विझली. विझण्याआधी क्षणभर उद्धव आणि फारूकनं पाहिलं. अर्जुनच्या चाकापुढे हातभर माती होती. त्यापुढे काही नव्हतं.

कंदीलही नव्हता.

फारूकनं अर्जुनचा दंड घट्ट धरला.

मग खाली, खड्ड्याच्या तळातून... एकदाच...

ट्रिंग.

डाव्या अंगाच्या पायवाटेनं ते सायकली ओढत पळाले. मोशीपर्यंत मागे पाहिलं नाही.

सकाळी अर्जुन गुडघ्याला फडकं बांधून तपासणीला गेला आणि पास झाला. सायकलवर मात्र पुन्हा बसला नाही. त्याची सायकल दुकानात होती. दुपारी फारूकनं उद्धवला बोलावून घेतलं. चेहरा उतरलेला.

"यावर मी एक घंटी बसवली होती. एकच."

हँडलवर दोन होत्या. दुसरी पितळेची, जुनी, दूधवाले लावतात तसली. फारूकनं दांडी दाबली. वाजली नाही. वाटी उघडली. आत स्प्रिंग नव्हती, दातेरी चाक वितळून बसलेलं, सगळं काजळीनं काळं. फडक्यानं पुसली, रॉकेलनं पुसली. काजळी निघेना.

रविवारी दोघं कुरुळीला सोनबाच्या घरी गेले, बसनं. त्याची बायको यशोदाबाई ओट्यावर बसली होती. उद्धवनं घंटी रुमालातून काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उलटी केली. बोटानं आतली काजळी चाचपली.

"कुटं घावली ही?"

"दोस्ताच्या सायकलवर," उद्धव म्हणाला.

"गाडी पोलिसांनी नेली," ती म्हणाली. "ही तेवढी मी काढून ठिवली व्हती." तिनं घंटी ओट्यावर ठेवली. "मंग माज्या हातानं त्यांच्या उशाला ठिवली. सरनावर."