मला न लागलेली चव

शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण जे घडलं ते तसंच लिहितोय.

मी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला कॉफीच्या चवींची वही ठेवायचा नाद लावला. दर रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसायचो. दोन कप, दोन वह्या. न बोलता चव लिहायची, मग मोठ्याने वाचायची.

काका लिहायचे, 'भाजलेला बदाम, शेवटी संत्र्याची साल.' मला नुसती कॉफीच लागायची. पण खिळ्यांमुळे मला उलटी अक्षरं वाचायची सवय. समोरून त्यांची वही वाचायची आणि एखादा शब्द बदलून उतरवायची. काका खूश व्हायचे.

"अगं, ऐकलंस का? पोराची जीभ माझ्याहून तिखट आहे!"

"कसली तिखट," काकू आतून म्हणायच्या, "तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!"

एका रविवारी काकांनी लिहिलं, 'धातूची चव. गंजलेल्या चमच्यासारखी.' मी लिहिलं, 'लोखंडासारखी.'

"तुलाही लागली?" काकांचा चेहरा एकदम सैल झाला. "महिनाभर मला सगळंच असं लागतंय. ही म्हणते, डॉक्टरला दाखवा. पण तुलाही लागली म्हणजे दोष पाण्यातच आहे."

मी 'हो' म्हणून मान हलवली.

काकांनी पाण्याचा फिल्टर बदलला. डॉक्टरकडे गेले तोवर दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. तोंडाला येणारी ती चव ही पहिली खूण होती, असं डॉक्टर काकूंना म्हणाले. मी बाजूलाच उभा होतो.

काका गेल्यावर दीड महिन्याने काकूंनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "मी बहिणीकडे जाऊन येते. त्यांच्या कॉफीची शेवटची पुडी पडून आहे. तूच पी बाबा, वाया नको जायला."

रविवारच होता. दुपारचे तीन. सवयीने मी दोन कप भरले. खिडकी बंद होती, तरी दोन्ही कपांची वाफ समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे झुकत होती. कॉफीच्या वासाखाली दवाखान्याचा वास येत होता. मी वही उघडली आणि लिहिलं, 'धातू मला कधीच लागला नव्हता.'

समोर कुणीतरी घोट घेतला. लांब, आवाज करत, चव घेताना काका घ्यायचे तसा. मी वर पाहिलं. समोरचा कप अर्धा झाला होता.

"वाच..."

"काका... मी..."

"मोठ्याने वाच..."

वाचायचं सोडून मी उठलो. वही छातीशी धरून मी जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू परतल्यावर त्यांच्याकडे गेलो. बाहेरच्या खोलीत उभ्याउभ्याच ते पान वाचलं. उरलेलं सगळं तोंडी सांगितलं. काकू टॉवेलाची घडी घालत होत्या. त्यांचे हात थांबले, पण मान वर झाली नाही. आता हाकलून देतील, असं वाटून मी चपलांकडे वळलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुणीतरी घसा साफ केला.

काकूंनी माझं मनगट धरलं.

"बस," त्या हळूच म्हणाल्या. "तुझं वाचून झालं, आता त्यांचं व्हायचंय."